घामाची किंमत मागणारा गोलंदाज : सिडनी बार्न्स

कसोटी क्रिकेटमध्ये एका मालिकेत सर्वाधिक बळी घेण्याचा विक्रम आजही सिडनी फ्रान्सिस बार्न्स या इंग्लिश गोलंदाजाच्या नावावर आहे. १९१३-१४ च्या दौऱ्यात दक्षिण आफ्रिकेत त्याने ४९ बळी मिळविले. त्यावेळी त्याचे वय चाळीस वर्षांचे होते आणि मालिकेतील पाचपैकी चारच सामने तो खेळला होता. पाचव्या सामन्यात तो मैदानात उतरलाच नाही. यजमानांनी पैशांबाबत दिलेला शब्द पाळला नाही, अशी त्याची तक्रार होती. अलौकिक पराक्रम आणि त्याच्या पाठोपाठ येणारा मानधनाचा तंटा, ही जोडी बार्न्सच्या साऱ्या कारकिर्दीला व्यापून राहिली.

२७ कसोटी सामने, १८९ बळी आणि प्रत्येक बळीमागे अवघ्या १६.४३ धावा, हे बार्न्सचे कसोटीतील गणित आहे. जगातील सर्वश्रेष्ठ गोलंदाज कोण, या न संपणाऱ्या वादात त्याचे नाव आजही पहिल्या दोन-चारांत घेतले जाते. आयसीसीच्या मागील काळापर्यंत नेऊन काढलेल्या क्रमवारीत ९३२ गुणांसह सर्वकाळातील पहिला क्रमांक त्याचाच आहे. मात्र एवढ्या थोर गोलंदाजाला इंग्लंडने तेरा वर्षांत केवळ २७ वेळा का खेळविले, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत सापडत नाही. ते त्या काळच्या इंग्लिश समाजात आणि बार्न्सच्या ताठ कण्यात शोधावे लागते.

बार्न्सचा जन्म १९ एप्रिल १८७३ रोजी स्टॅफर्डशायर परगण्यातील स्मेथविक या कारखानदारीच्या गावी झाला. पाच भावंडांपैकी तो दुसरा मुलगा. वडील बर्मिंगहॅममधील एका धातूच्या कारखान्यात आयुष्यभर नोकरी करणारे. घरात क्रिकेटची परंपरा नव्हती आणि कोणा नामवंत प्रशिक्षकाचा हातही डोक्यावर नव्हता. स्थानिक क्लबात खेळताना त्याने आधी ऑफ-ब्रेक शिकून घेतला आणि लेग-ब्रेक स्वतःच्या प्रयोगांतून साधला. वॉरविकशायर कौंटीकडून १८९४ ते १८९६ या काळात त्याला मोजके सामने मिळाले; त्यांत त्याची छाप पडली नाही.

त्या काळी इंग्लंडमध्ये क्रिकेटपटूंच्या दोन जाती होत्या. खेळातून अर्थार्जन न करणारे, निदान तसे मानले जाणारे, ते हौशी सद्गृहस्थ आणि पैसे घेऊन खेळणारे ते व्यावसायिक. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत आणि अनेक मैदानांवर आत-बाहेर करण्याची दारेही वेगळी असत. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूच्या नावाला मानाची आद्याक्षरे लागत, व्यावसायिकाचे मात्र नुसते आडनाव. कर्णधारपद हे जवळपास हौशी खेळाडूंचेच राखीव कुरण होते. गंमत अशी, की डब्ल्यू. जी. ग्रेससारखे नावाजलेले हौशी खेळाडू खर्चाच्या नावाखाली अनेक व्यावसायिकांपेक्षा अधिक रक्कम घरी नेत असत. व्यावसायिकाने मात्र उन्हाळाभर आठवड्याचे सहा दिवस राबावे, हिवाळ्यात दुसरे काम शोधावे आणि मिळेल त्या मानधनावर समाधान मानावे, अशी रीत होती.

बार्न्सला ही रीत मान्य नव्हती. १८९५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने लँकेशायर लीगमधील रिश्टन या छोट्या क्लबाची नोकरी पत्करली. त्यामागचा हिशेब सरळ होता. लीगचा सामना शनिवारी दुपारी होत असे. व्यावसायिक खेळाडूला मानधन बरे असे आणि कामगिरी चांगली झाली तर प्रेक्षकांतून पैसे गोळा होत ते निराळे. आठवड्याचे बाकीचे दिवस दुसरी नोकरी करायला मोकळे राहत. कौंटी क्रिकेटमध्ये प्रतिष्ठा अधिक होती. पण त्यासाठी शरीराची चिपाडे होईपर्यंत गोलंदाजी करावी लागे आणि म्हातारपणाची शाश्वती काहीच नसे. गावातील गिरणी कामगारांसमोर शनिवारी खेळणे बार्न्सला अधिक शहाणपणाचे वाटले.

या लीगच्या मैदानांवरच त्याची गोलंदाजी घडली. सहा फुटांहून उंच, सडपातळ, लांब हातांचा बार्न्स थोडासाच धावत येई आणि हात अगदी उंच नेऊन चेंडू सोडी. वेग मध्यमद्रुत, पण त्या वेगात तो चेंडूला बोटांनी फिरकी देत असे. मनगट न वळविता, केवळ बोटांच्या जोरावर तो चेंडू दोन्ही बाजूंना वळवी. त्याचा सर्वांत घातक चेंडू हवेतून लेग स्टंपच्या दिशेने आत सरकत येई आणि टप्पा पडताच ऑफ स्टंपकडे झेपावे. आतला चेंडू समजून बॅट फिरविणाऱ्या फलंदाजाची एकतर कड लागे किंवा यष्टी उडे. पुढील पिढ्यांनी अशा चेंडूंना कटर म्हटले, तेव्हा बार्न्स नाराज होत असे. आपण चेंडू कापत नाही, फिरवतो, असा त्याचा आग्रह होता. टप्पा आणि दिशा यांवरील त्याची हुकमत इतकी पक्की होती, की फलंदाजाला श्वास घ्यायला सैल चेंडू क्वचितच मिळे.

१९०१ साली त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. इंग्लंडचा कर्णधार आर्ची मॅक्लारेन ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी संघ जमवीत होता. यॉर्कशायरने जॉर्ज हर्स्ट आणि विल्फ्रेड ऱ्होड्स या आपल्या हुकमी गोलंदाजांना सोडण्यास नकार दिला होता. अशा अडचणीत मॅक्लारेनने बर्नली क्लबाकडून खेळणाऱ्या बार्न्सला ओल्ड ट्रॅफर्डवर बोलाविले आणि सरावाच्या जाळीत त्याची गोलंदाजी स्वतः खेळून पाहिली. तेवढ्या अनुभवावर त्याने या गोलंदाजाला ऑस्ट्रेलियाचे निमंत्रण दिले. बोटांवर मोजण्याइतके प्रथम दर्जाचे सामने खेळलेल्या, लीगमधल्या या माणसाची निवड पाहून इंग्लंडमधील जाणकारांनी भुवया उंचावल्या.

त्या भुवया लवकरच खाली आल्या. डिसेंबर १९०१ मध्ये सिडनीत बार्न्सने आपल्या पहिल्याच कसोटी डावात ६५ धावांत ५ बळी घेतले. त्यात व्हिक्टर ट्रंपरसारखा थोर फलंदाज होता. मेलबर्नच्या दुसऱ्या कसोटीत त्याने दोन डावांत मिळून १३ गडी बाद केले. मॅक्लारेनने त्याला इतके राबविले, की ॲडलेडच्या तिसऱ्या कसोटीत काही षटकांतच त्याचा गुडघा दुखावला आणि त्याचा दौरा तिथेच आटोपला. बार्न्स असताना बरोबरीत चाललेली मालिका पुढे इंग्लंडने ४-१ अशी गमावली. दोघांचे संबंध मात्र गोड राहिले नव्हते. समुद्रप्रवासात वादळ आले तेव्हा, जहाज बुडाले तरी आपल्यासोबत तो बार्न्सही बुडेल, या विचाराने मॅक्लारेनने सहकाऱ्यांचे सांत्वन केल्याची कथा क्रिकेटविश्वात आजही सांगितली जाते.

परतल्यावर बार्न्स लँकेशायर कौंटीकडून पूर्ण वेळ खेळू लागला. १९०२ मध्ये शेफील्डच्या ब्रॅमॉल लेनवर झालेल्या एकमेव कसोटीत त्याने ऑस्ट्रेलियाचे ४९ धावांत ६ गडी बाद केले. तरीही पुढच्या सामन्यासाठी त्याचा विचार झाला नाही. तो सामना लँकेशायरच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर होता आणि इंग्लंडने तो अवघ्या ३ धावांनी गमावला. १९०३ च्या मोसमात त्याने १३१ बळी घेतले. एवढी कामगिरी केल्यावर त्याने कौंटीकडे अधिक चांगल्या अटी मागितल्या. समितीने त्या मान्य केल्या नाहीत. बार्न्सने नव्या करारावर सही करण्यास नकार दिला आणि तो पुन्हा लीगकडे वळला. नामांकित क्रिकेट वार्षिक विस्डेनने त्याच्या स्वभावातच खोट असल्याचा ठपका ठेवला. पगारवाढ मागणारा कामगार हा नेहमीच तिरसट ठरतो. क्रिकेटचे मैदानही याला अपवाद नव्हते.

या निर्णयाची किंमत दोन्ही पक्षांनी मोजली. जुलै १९०२ नंतर डिसेंबर १९०७ पर्यंत, म्हणजे ऐन बहराच्या साडेपाच वर्षांत, बार्न्स एकही कसोटी खेळला नाही. चर्च, पोर्टहिल पार्क अशा क्लबांसाठी तो शनिवारी गडी बाद करीत होता, आठवड्यात कारकुनी करीत होता आणि आपल्या जन्मपरगण्याच्या, स्टॅफर्डशायरच्या, संघाकडून दुय्यम कौंटी स्पर्धेत खेळत होता. स्टॅफर्डशायरसाठी त्याने पुढे एकूण १,४४१ बळी घेतले आणि त्यांची सरासरी ८.१५ इतकी थक्क करणारी आहे. इंग्लंडचा कसोटी संघ एकीकडे गोलंदाज शोधत होता आणि जगातला सर्वोत्तम गोलंदाज दुसरीकडे खेड्यापाड्यांच्या मैदानांवर बेकरीवाले आणि विणकर यांच्या यष्ट्या उडवीत होता.

१९०७-०८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्याला पुन्हा बोलावणे आले. जॅक हॉब्ज या तरुणाने मेलबर्नच्या ज्या कसोटीत पदार्पण केले, त्याच सामन्यात बार्न्सने बॅटने इतिहास घडविला. २८२ धावांचा पाठलाग करताना इंग्लंडचे नऊ गडी बाद झाले, तेव्हा अजून ३९ धावा हव्या होत्या. बार्न्सने आर्थर फील्डरला साथीला घेऊन त्या जमविल्या. अखेरची धाव घेताना ऑस्ट्रेलियाच्या क्षेत्ररक्षकाची फेक अचूक असती, तर सामना बरोबरीत सुटला असता. बार्न्स ३८ धावांवर नाबाद राहिला आणि इंग्लंड एका गड्याने जिंकले.

त्याच्या कीर्तीचे शिखर मात्र १९११-१२ च्या दौऱ्यात दिसले. कर्णधार पेल्हॅम वॉर्नर आजारी पडल्याने जॉनी डग्लसकडे सूत्रे आली. सिडनीच्या पहिल्या कसोटीत डग्लसने नवा चेंडू स्वतःकडे घेतला. बार्न्स संतापला, त्याच्या गोलंदाजीतला जीव गेला आणि इंग्लंड १४६ धावांनी हरले. जाणत्या सहकाऱ्यांनी डग्लसची समजूत घातली. ३० डिसेंबर १९११ रोजी मेलबर्नला नवा चेंडू बार्न्सच्या हाती आला. त्या सकाळी त्याची प्रकृती बरी नव्हती. तरीही पहिल्या पाच षटकांत केवळ एक धाव देऊन त्याने बार्ड्स्ली, केलवे, हिल आणि आर्मस्ट्राँग हे चार मोहरे टिपले. ऑस्ट्रेलियाची अवस्था ६ बाद ३८ झाली. क्षेत्ररक्षणाची रचना करण्यात तो फार वेळ घेतो म्हणून प्रेक्षकांनी हुर्यो उडविली, तेव्हा बार्न्सने चेंडू जमिनीवर टाकला, हाताची घडी घातली आणि गोंगाट थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला. इंग्लंडने ती मालिका ४-१ अशी जिंकली. बार्न्सचे ३४ आणि डावखुऱ्या फ्रँक फॉस्टरचे ३२ बळी हे त्या विजयाचे मुख्य भांडवल होते.

१९१२ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या तिरंगी स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या तीन सामन्यांतच त्याने ३४ बळी घेतले. ओव्हलवर त्याचे पृथक्करण ५७ धावांत १३ बळी असे होते. पुढच्याच वर्षी तो दक्षिण आफ्रिकेला गेला. तेथील मॅटिंगच्या खेळपट्टीवर चेंडू पकड घेई आणि वळे, त्यामुळे बार्न्सला खेळणे जवळपास अशक्य झाले. दरबानला १०, जोहान्सबर्गला १७, तिथेच पुन्हा ८ आणि परत दरबानला १४ असे त्याचे बळी होते. जोहान्सबर्गचा १५९ धावांत १७ बळींचा विक्रम १९५६ मध्ये जिम लेकरने १९ गडी बाद करीपर्यंत अबाधित होता. या वादळात टिकून राहिला तो एकटा हर्बी टेलर. त्याने मालिकेत ५०८ धावा केल्या. एवढे होऊनही पोर्ट एलिझाबेथची पाचवी कसोटी बार्न्स खेळला नाही. ज्या माणसामुळे प्रेक्षक मैदानात येत होते, त्याच्याशी ठरलेला व्यवहार पाळला जात नसेल तर त्याने का राबावे, असा त्याचा सरळ प्रश्न होता. काही महिन्यांत पहिले महायुद्ध पेटले आणि फेब्रुवारी १९१४ मधील दरबानची कसोटी त्याची अखेरची ठरली. सर्वाधिक कसोटी बळींचा त्याचा विक्रम मात्र १९३६ मध्ये क्लॅरी ग्रिमेटने मोडीपर्यंत, बावीस वर्षे टिकला.

युद्धानंतर १९२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्याला पुन्हा विचारणा झाली. तो तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. पत्नी आणि मुलाचा खर्च मिळावा, अशी त्याची अट होती. ती मान्य झाली नाही आणि तो गेला नाही. इंग्लंडने ती मालिका ५-० अशी गमावली. बार्न्स गेला असता तर काय झाले असते, हा तर्काचा विषय आहे. पण त्याच्या हातातली जादू ओसरली नव्हती, याचे पुरावे पुढे मिळत राहिले. १९२८ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, वेल्सकडून खेळताना त्याने वेस्ट इंडिजच्या पाहुण्या संघाचे १२ गडी बाद केले. पुढच्याच वर्षी दुय्यम कौंट्यांच्या संघातून दक्षिण आफ्रिकेचे ८ फलंदाज त्याने ४१ धावांत गुंडाळले. १९३१ ते १९३३ या काळात तो रॉटनस्टॉल क्लबाचा व्यावसायिक होता आणि नेल्सन क्लबाच्या लिअरी कॉन्स्टंटाइनशी त्याचे सामने रंगत. त्रिनिदादहून नुकतेच इंग्लंडला आलेले लेखक सी. एल. आर. जेम्स यांनी १९३२ मध्ये मँचेस्टर गार्डियनमध्ये बार्न्सवर लेख लिहिला आणि तिथूनच त्यांच्या क्रिकेट लेखनाला त्या देशात दार उघडले.

ज्या लीगला बार्न्सने प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्याशी मराठी क्रिकेटरसिकांचेही नाते आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर भारतीय खेळाडूंना चार पैसे मिळवून देणारी जागा म्हणजे इंग्लंडमधील हीच गावे होती. विजय हजारे रॉटनस्टॉलकडून खेळले आणि १९५० च्या दशकात सुभाष गुप्ते यांनी आपली लेगस्पिन रिश्टनच्या मैदानावर टाकली, जिथून साठ वर्षांपूर्वी बार्न्सने सुरुवात केली होती. देशासाठी खेळून हाती फारसे काही पडत नसलेल्या काळात लीगच्या करारांनी अनेक भारतीयांची घडी बसविली. त्या वाटेवरचा पहिला मोठा वाटसरू बार्न्स होता.

खेळातून बाजूला झाल्यावर बार्न्सची बोटे स्वस्थ बसली नाहीत. त्याचे हस्ताक्षर अत्यंत देखणे होते. स्टॅफर्डशायरच्या परगणा परिषदेसाठी कायदेशीर दस्तऐवज सुबक अक्षरांत लिहून देण्याचे काम त्याने उतारवयातही चालू ठेवले. १९५७ मध्ये राणी एलिझाबेथ स्टॅफर्डला आली, तेव्हा तिला भेट दिलेला लेख बार्न्सच्याच हातचा होता. चेंडूला हवा तसा वळविणारी ती बोटे लेखणीलाही तितकीच वश होती. १९४९ मध्ये एमसीसीने निवडक माजी व्यावसायिकांना सन्माननीय आजीव सदस्यत्व दिले, त्यात बार्न्सचे नाव होते. हौशी आणि व्यावसायिक हा भेद १९६२ मध्ये रद्द करण्याचा निर्णय झाला, तोही त्याने डोळ्यांनी पाहिला. २६ डिसेंबर १९६७ रोजी स्टॅफर्डशायरमधील चॅड्समूर येथे वयाच्या ९४ व्या वर्षी त्याचे निधन झाले. २००९ मध्ये आयसीसीने आपल्या मानवंदना यादीत त्याला पहिल्याच तुकडीत स्थान दिले.

बार्न्स हा गोड स्वभावाचा माणूस होता, असा दावा कोणी करीत नाही. सहकाऱ्यांना त्याचा धाक वाटे, कर्णधारांना तो जड जाई आणि मनाविरुद्ध काही घडले की तो मैदानातच तोंड फिरवी. सिडनीच्या त्या कसोटीत नवा चेंडू मिळाला नाही म्हणून त्याचा जोर ओसरला, हा दोष त्याच्या पदरी घालावाच लागतो. विल्फ्रेड ऱ्होड्स, जॅक हॉब्ज हेही व्यावसायिकच होते. त्यांनी जुळवून घेतले आणि देशासाठी दुप्पट सामने खेळले. हट्टापायी बार्न्सने आपली कसोटी कारकीर्द अर्ध्यावर आणली, असे म्हणणाऱ्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे.

मात्र त्याच्या मागण्या आज वाचल्या तर त्यांत अवाजवी काही दिसत नाही. हिवाळ्यातही चूल पेटती राहावी, बायकोमुलाला सोबत नेता यावे, दिलेला शब्द पाळला जावा, एवढेच त्याचे म्हणणे होते. आता दौऱ्यावर जाणाऱ्या खेळाडूच्या कुटुंबाची सोय हा करारातील नेहमीचा भाग असतो आणि लिलावात खेळाडूची किंमत कोटींच्या घरात जाते. बार्न्सच्या काळात या गोष्टी मागणे हा उद्धटपणा होता. देशाकडून खेळण्याचा मान हेच मोल समजावे, असे सांगणारे बहुतेक लोक स्वतः सुस्थितीत होते. एका कामगाराच्या मुलाने तो मान नाकारला नाही. मानाबरोबर घामाचे दामही हवेत, एवढेच तो आयुष्यभर म्हणत राहिला. त्याच्या २७ कसोटी सामन्यांचे यश जितके मोठे आहे, तितकीच मोठी आहे न खेळलेल्या सामन्यांची पोकळी. ती पोकळी इंग्लिश क्रिकेटने काही पौंड वाचविण्यासाठी स्वतःच विकत घेतली होती.